दसऱ्यापासून मृगापर्यंत: माळव्यातल्या महामार्गाची देखभाल कमी खर्चात कशी आखायची

दरवर्षीचा क्रम ठरलेला आहे. जुलैत खड्डे पडतात, ऑगस्टमध्ये ओरड होते, दिवाळीच्या आसपास अंदाजपत्रकं निघतात आणि मार्चअखेर निधी संपवायच्या घाईत जिथे सगळ्यात वाईट दिसतं तिथे डांबर पडतं. पुढच्या पावसाळ्यात त्याच ठिकाणी पुन्हा खड्डा. पैसा कमी पडला म्हणून असं होतं, असं सर्रास म्हटलं जातं. माझं मत वेगळं आहे: आहे तो पैसा चुकीच्या क्रमानं खर्च होतो. चांगला रस्ता खराब होऊ देऊन आपण वाईट रस्त्यावर खर्च करतो, आणि तोही पाण्याला जायला वाट करून न देता.

इंदूर, देवास, उज्जैन, धार या पट्ट्यात विभागात, सल्लागार कंपनीत किंवा ठेकेदाराकडे काम करणारे मराठी अभियंते पुष्कळ आहेत. वार्षिक देखभाल आराखडा बहुतेक वेळा त्यांच्यातल्या सगळ्यात तरुण माणसाच्या गळ्यात पडतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. क्रम आहे तसाच पाळा. पुढचा टप्पा आधी केला की मागचा वाया जातो.

टप्पा १: खर्च करण्याआधी रस्ता कोणाच्या जबाबदारीत आहे ते पाहा

मोजपट्टी काढण्याआधी फाइल काढा. प्रत्येक किलोमीटरसाठी चार प्रश्नांची उत्तरं लिहा. मागचं काम कधी झालं आणि दोषदायित्वाचा काळ (ज्यात बिघाड ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो) संपला का? हा भाग टोल कंपनीच्या करारात आहे का? रुंदीकरण किंवा बायपास मंजूर आहे का? जलवाहिनी, गॅस किंवा केबलसाठी खोदाईची परवानगी कोणी मागितली आहे का?

दोषदायित्वात असलेल्या रस्त्यावर सरकारी पैशातून पॅचवर्क करणं म्हणजे ठेकेदाराचं देणं आपण फेडणं. तिथे खर्च मांडू नका, नोटीस काढा, आणि नोटिशीबरोबर साखळीनुसार (किलोमीटर-मीटरमधल्या जागेनुसार) फोटो जोडा.

तिसरा प्रश्न उज्जैनच्या दिशेला विशेष महत्त्वाचा आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी रुंदीकरणाची आणि जोडरस्त्यांची कामं चालू आहेत. जो भाग वर्षा-दोन वर्षांत उकरला जाणार आहे त्यावर नवा थर टाकू नका. खड्डे बुजवा, कडा भरा, वाहतूक सुरक्षित ठेवा, तेवढं पुरे.

*तपासा:* या टप्प्याअखेर तुमच्या यादीतला काही भाग गळलाच पाहिजे. एकही किलोमीटर गळला नसेल तर फायली नीट वाचलेल्या नाहीत.

टप्पा २: पावसात रस्त्यावर जा

बहुतेक पाहण्या ऊन पडल्यावर होतात. ऊन पडल्यावर खड्डा दिसतो, पण तो का पडला ते दिसत नाही. जोराची सर थांबल्यावर साधारण तासाभरानं जा. सोबत पांढरा ऑइलपेंट, टेप आणि मोबाइल ठेवा.

रस्त्यावर पाणी कुठे थांबलंय ते पाहा आणि तिथे पेंटनं कडा आखा. साईडपट्टीकडे वाकून बघा. अनेक ठिकाणी साईडपट्टी डांबरापेक्षा उंच झालेली दिसेल: वर्षानुवर्षांची माती, गवत, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल. पाणी रस्त्यावरून खाली जायला येतं आणि त्या बांधाला अडून डांबराच्या कडेनंच वाहत राहतं. कडेचा भाग प्रथम का तुटतो याचं उत्तर तिथेच मिळतं. साईडपट्टीचा उतार डांबराच्या उतारापेक्षा किमान अर्धा टक्का जास्त हवा. प्रत्यक्षात तो कित्येकदा उलटा असतो.

नंतर मोऱ्या पाहा. माळव्यात एक गोष्ट हमखास आढळते. शेतात जायला वाट हवी म्हणून कडेची नाली मातीनं बुजवलेली असते, कधी खाली अपुऱ्या व्यासाचा पाइप टाकलेला असतो, कधी तोही नसतो. शेतकऱ्याला वाट हवीच, त्यात त्याचं काही चुकलं नाही. आराखड्यात त्या जागी योग्य मापाचा पाइप आणि वर मुरूम धरा. नुसती नाली उकरून आलात तर आठवड्यात ती पुन्हा बुजलेली असेल.

*सावधान:* रब्बीत गव्हाला पाणी चालू असताना एक फेरी आणखी मारा. रस्त्याला लागून असलेल्या वाफ्यातलं पाणी भरावाखाली मुरतं आणि ऐन थंडीत, आभाळ कोरडं असताना, रस्ता दबतो. पावसाळी पाहणीत हे कधीच सापडत नाही.

टप्पा ३: मोजा

शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडा. 'रस्ता खराब' असा शेरा कामाचा नाही. प्रत्येक तुकड्यासाठी भेगांचं क्षेत्र टक्क्यांत, चाकोरीची (चाकांच्या वाटेत पडलेल्या खोलगट पट्ट्याची) खोली मिलिमीटरमध्ये, खड्ड्यांची संख्या आणि क्षेत्र, कडेची तूट, नालीची स्थिती इतकं लिहा. चाकोरी मोजायला तीन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवून मधली पोकळी पाचरीनं मोजा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ३७ मध्ये २० मिमी चाकोरी किंवा २० टक्के क्षेत्रात भेगा ही रस्त्याचं आयुष्य संपल्याची खूण मानली आहे. तिथपर्यंत पोहोचलेला रस्ता नुसत्या वरच्या थरानं परत येत नाही.

पायाची ताकद जोखायला फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर (वजन टाकून रस्ता किती दबतो ते मोजणारं यंत्र) लावा. त्याची पद्धत आयआरसी ११५ मध्ये आहे. यंत्र मिळत नसेल तर उभ्या ट्रकच्या चाकाखाली दबणं मोजणारा जुना बेंकेलमन बीम चालेल. चाचणी पावसाळा संपल्याबरोबर घ्या, कारण तेव्हा खालची माती सगळ्यात कमजोर असते. एप्रिलमध्ये घेतलेली चाचणी काळ्या मातीच्या रस्त्याचं खोटं चित्र दाखवते. उन्हानं वाळलेली ती माती दगडासारखी वागते.

आता वाहतूक. नुसती वाहनं मोजू नका, आसांचं (अ‍ॅक्सलचं) वजन मिळवा. तुलनेसाठीचा प्रमाणित आस ८.१६ टनांचा धरतात आणि रस्त्याचं नुकसान वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. चार चाकांच्या एकेरी आसाला कायद्यानं परवानगी असलेलं वजन २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन झालं. गणित करा: १०.२ टनांचा आस म्हणजे सुमारे २.४ प्रमाणित आस, ११.५ टनांचा म्हणजे जवळजवळ ४. कायद्यात बसणारा ट्रकसुद्धा रस्त्याला पूर्वीपेक्षा दीडपटीहून जास्त झिजवतो. त्याच आसावर १५ टन लादले तर आकडा ११ च्या वर जातो. पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या मालवाहतुकीच्या रस्त्यावर आणि तितक्याच वाहनसंख्येच्या पण मोटारगाड्यांच्या रस्त्यावर एकच जाडी ठरवणं किती चुकीचं आहे ते यावरून समजेल.

*तपासा:* वाहतूक गणना कोणत्या महिन्यात झाली? सोयाबीन मंडीत येतं त्या दिवसांतली आणि जुलैमधली गणना यांत मोठा फरक पडतो. दोन्ही हंगामांतली घ्या.

टप्पा ४: कारण ठरवा, मगच उपाय

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

भेग कुठे आणि कशी आहे त्यावरून बरंच कळतं. चाकाच्या वाटेत कोंबडीच्या जाळीसारख्या भेगा असतील तर वरचे थर भाराखाली थकले आहेत किंवा पाया ओला आहे. कडेपासून फूट-दोन फूट आत, रस्त्याला समांतर लांबच लांब भेग गेली असेल आणि ती उन्हाळ्यात रुंदावत असेल, तर दोष डांबरात शोधू नका. साईडपट्टीखालची काळी माती सुकून आक्रसते आणि कडेला आपल्यासोबत ओढते. अशा भेगेवर नवा थर टाकला तर पुढच्या मे महिन्यात ती त्याच रेषेत वर येते. इथे साईडपट्टी मुरूम किंवा दाणेदार थरानं झाकून कडेचा ओलावा स्थिर ठेवावा लागतो, आणि भेग वेगळी भरावी लागते.

चाकोरी पडलीय पण भेगा नाहीत, डांबर बाजूला फुगून वर आलंय, असं दिसलं तर मिश्रणात दोष आहे किंवा डांबराची प्रत त्या जागेला मऊ पडली आहे. महू सोडून मानपूरचा घाट उतरताना हे पाहायला मिळतं. लादलेले ट्रक चढावर रांगत जातात आणि उतारावर ब्रेक दाबून येतात, भार जास्त वेळ एकाच जागी टिकतो. त्यात खाली निमाडची गरमी. अशा ठिकाणी व्हीजी-४० सारखी डांबराची कडक प्रत (आकडा जितका मोठा तितकं डांबर कडक) विचारात घ्या आणि फुगलेला थर खरवडून काढा. त्याच्यावरच नवा थर चढवू नका.

शंका राहिली तर खड्डा घ्या. डांबराच्या कडेला मीटर-बाय-मीटरचा चाचणी खड्डा, मूळ मातीपर्यंत. प्रत्येक थराची जाडी मोजा, कागदावरच्या जाडीशी ताडून पाहा. खालची माती मुठीत दाबा. हात ओला होऊन मातीचा गोळा बोटांच्या ठशांसकट तसाच राहिला तर निचऱ्याचा प्रश्न आहे, मग वरचं अंदाजपत्रक तूर्त बाजूला ठेवा. नमुना प्रयोगशाळेत पाठवून मुक्त फुगवणीचा निर्देशांक (माती पाण्यात किती टक्के फुगते) काढा. तो ५० टक्क्यांच्या वर असलेली माती भरावाला वापरू नये, असं रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशात स्पष्ट आहे.

*सावधान:* ओल्या पायावर जाड थर टाकणं ही या भागातली सगळ्यात महाग चूक आहे. आधी नाली, मोरी आणि साईडपट्टी. डांबर त्यानंतर.

टप्पा ५: प्रत्येक तुकड्याला एकच वर्ग द्या

वर्ग तीनच ठेवा. जास्त वर्ग केले की निर्णय लांबतो.

*अ वर्ग:* पाया ठीक, पृष्ठभाग म्हातारा होऊ लागला, केसासारख्या भेगा, खडी उघडी पडतेय. उपाय: भेगा भरणं, स्लरी सील किंवा मायक्रोसर्फेसिंग (दोन्ही बारीक खडी आणि पाण्यात मिसळलेल्या डांबराचे पातळ लेप). मायक्रोसर्फेसिंगची जाडी प्रकारानुसार साधारण ४ ते ८ मिमी. ते पाणी अडवतं, ताकद वाढवत नाही. दबलेल्या रस्त्यावर ते फासलं तर पैसे गेले.

*ब वर्ग:* भेगा आणि चाकोरी वाढल्या आहेत, पण पाया अजून सांभाळता येण्याजोगा आहे. उपाय: बिघडलेल्या तुकड्यांची खोल दुरुस्ती, समतलीकरण, मग चाचणीनुसार ठरलेल्या जाडीचा थर. जुनं डांबर खरवडून निघत असेल तर ते फेकू नका. पुनर्वापराची पद्धत आयआरसी १२० मध्ये दिली आहे.

*क वर्ग:* पायाच गेला. इथे वार्षिक देखभालीच्या पैशातून फक्त वाहतूक सुरक्षित ठेवायची, पाणी काढायचं आणि पुनर्बांधणीचा स्वतंत्र प्रस्ताव पाठवायचा.

पुलावर थर चढवताना वेगळा विचार करा. प्रत्येक नव्या थरानं पुलाचा स्थिरभार वाढतो, प्रसरण सांधे गाडले जातात, पाणी जाण्याची भोकं बुजतात. पुलावरचा जुना थर आधी काढा, मगच नवा.

टप्पा ६: क्रम लावा

'सगळ्यात वाईट आधी' ही पद्धत न्याय्य वाटते, पण ती पैसा खाते. एक उदाहरण पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या दरसूचीचे घालून पुन्हा करा.

समजा १०० किमी रस्ता आहे: ४० किमी अ, ३५ किमी ब, २५ किमी क. दर किलोमीटरचा खर्च अ ला १ एकक, ब ला ४, क ला १२. हातात १०० एकक.

वाईटापासून सुरुवात केली तर क वर्गाचे ८ किमी होतात आणि तिजोरी जवळजवळ रिकामी. तोवर अ मधले १० किमी घसरून ब मध्ये गेले आणि ब मधले १० किमी क मध्ये गेले असं धरा. पहिल्यांनी (किलोमीटरमागे ३ जादा) ३० एककांचं आणि दुसऱ्यांनी (किलोमीटरमागे ८ जादा) ८० एककांचं नवं देणं उभं केलं. एकूण ११०. म्हणजे वर्षभर काम करून तुम्ही सुरुवातीपेक्षा मागे आहात.

आता उलट करा. अ चे ४० किमी ४० एककांत सांभाळा. ब मधले सगळ्यात जास्त जड वाहतुकीचे १२ किमी ४८ एककांत. उरलेल्या १२ एककांत क वर्गातल्या नाल्या, साईडपट्ट्या आणि खड्डे. डोळ्यांना हे काम कमी दिसेल, पण पुढच्या वर्षीचं देणं आटोक्यात राहील.

ब मधून कोणते १२ किमी, हे ठरवायला साधं सूत्र वापरा: रस्त्याच्या आयुष्यात वाढणारी वर्षं × लांबी × जड वाहनं, भागिले खर्च. मोठं जाळं असेल तर एचडीएम-४ सारखं रस्त्यांच्या देखभालीचा क्रम आणि खर्च आखणारं सॉफ्टवेअर आहेच, पण त्यात घातलेली माहिती टप्पा ३ मधून आलेली नसेल तर त्याचा निष्कर्षही फुकट.

हा क्रम वरिष्ठांना आणि लोकप्रतिनिधींना पटवणं अवघड असतं. चांगल्या रस्त्यावर खर्च का, हा प्रश्न येणारच. वरचं उदाहरण तुमच्या आकड्यांसह एका पानावर मांडून न्या. तोंडी समजावू नका. अपघाताच्या जागा या सूत्राबाहेर ठेवा. त्यांचा क्रम नेहमी पहिला.

टप्पा ७: अंदाजपत्रक

इथल्या चुका छोट्या दिसतात, पण किलोमीटरनं गुणल्या की मोठ्या होतात. ७ मीटर रुंद, १ किमी रस्त्यावर ३० मिमीचा बिटुमिनस काँक्रीटचा (डांबर-खडीच्या घट्ट मिश्रणाचा) थर म्हणजे २१० घनमीटर, घनता २.४ धरली तर सुमारे ५०० टन. आता पृष्ठभाग खालीवर असल्यामुळे सरासरी फक्त ५ मिमी जास्त माल गेला तर ३५ घनमीटर, म्हणजे ८४ टन जादा. समतलीकरणाचा थर वेगळा न धरल्यामुळे मधेच माल संपतो आणि शेवटचा तुकडा पातळ होतो. पातळी घ्या, समतलीकरण वेगळ्या बाबीत दाखवा.

नेहमी सुटणाऱ्या बाबी: थर वाढल्यावर साईडपट्टीचा मुरूम, जोडरस्त्यांचे उतार, रस्त्यावरचे पट्टे आणि रात्री चमकणारे कॅट्स आय, काम चालू असतानाचे फलक व बॅरिकेड (आयआरसी एसपी ५५ प्रमाणे), मोऱ्यांची सफाई. साईडपट्टीचा मुरूम सुटला तर कडेला पायरी तयार होते. दुचाकी रात्री तिथून घसरते. ही बाब कापून बचत दाखवू नका.

खड्ड्यांचं क्षेत्र मेमध्ये मोजून काम ऑक्टोबरमध्ये करणार असाल तर ते आकडे निरुपयोगी आहेत. पुन्हा मोजा.

टप्पा ८: वेळापत्रक

ऑक्टोबर: चाचण्या आणि वर्गवारी. नोव्हेंबर: क्रम आणि अंदाजपत्रक. डिसेंबर-जानेवारी: निविदा, तोवर नाल्या आणि मोऱ्यांची दुरुस्ती. फेब्रुवारी ते मे: डांबराची कामं. मृग लागायच्या आत सगळ्या नाल्या पुन्हा साफ. पावसात फक्त तात्पुरते खड्डे आणि टप्पा २ ची पाहणी.

हवेचं तापमान १० अंशांखाली असेल तर डांबर टाकायचं नाही. माळव्यातल्या थंडीत पहाटे ही वेळ येते. जानेवारीत काम चालू असेल तर प्लांट उशिरा सुरू करा.

टप्पा ९: जागेवर

खड्डा बुजवण्याचं काम सगळ्यांना येतं असं समजलं जातं, आणि तेच सगळ्यात जास्त चुकतं. क्रम असा: खड्ड्याभोवती, खराब भाग संपून घट्ट भाग लागेल तिथपर्यंत, चौकोन आखा. कटरनं कडा उभ्या कापा. तळ घट्ट लागेपर्यंत उकरा. धूळ आणि पाणी पूर्ण काढा. तळाला आणि चारही उभ्या कडांना इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) लावा. कडा कोरड्या ठेवल्या की पाणी तिथूनच शिरतं. इमल्शन तपकिरीचं काळं होईपर्यंत थांबा. त्याआधी माल टाकला तर आतलं पाणी कोंडतं. माल १०० मिमीपेक्षा जाड न होणाऱ्या सैल थरांत भरा, प्रत्येक थर कडेकडून मध्याकडे दाबा. शेवटचा थर किंचित उंच ठेवा, दाबल्यावर तो रस्त्याशी सपाट झाला पाहिजे. पट्टी ठेवून पाहा.

भर पावसात गरम माल चालत नाही. त्यासाठी तयार थंड मिश्रण आधीच गोदामात आणून ठेवा, ऑगस्टमध्ये मागणी नोंदवू नका.

मोठ्या थराच्या कामात तीन गोष्टी स्वतः बघा. टॅक कोट (नवा थर चिकटण्यासाठीचा डांबराचा पातळ फवारा) जुन्या डांबरी पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो, एकसारखा. झारीनं शिंपडलेला चालत नाही. व्हीजी-३० चा माल पसरताना १४० अंशांच्या खाली नको, आणि दाबण्याचं काम ९० अंशांच्या आत जाण्याआधी संपलं पाहिजे. थर्मामीटर प्लांटवर ठेवून उपयोग नाही, डंपर आला की मालात खुपसून बघा. लांबच्या प्लांटवरून, ताडपत्रीशिवाय आलेला डंपर परत पाठवायची तयारी ठेवा. सांधे चाकाच्या वाटेत येऊ देऊ नका.

टप्पा १०: नोंद ठेवा

काम संपलं की साखळी, तारीख, उपाय, जाडी, मालाचं तापमान, डांबराचा प्लांट आणि त्या दिवशीची हवा एका तक्त्यात भरा. पहिल्या पावसानंतर त्याच जागी जाऊन फोटो काढा आणि त्याच ओळीत जोडा. एका तुकड्यावर तीन वर्षांत दोनदा खड्डा बुजवला असेल तर तिसऱ्यांदा बुजवू नका, तिथे चाचणी खड्डा घ्या. बदली झाली तर हा तक्ता पुढच्या माणसाच्या हातात द्या, सहीनिशी, आणि एक प्रत उपविभागाच्या फाइलला लावा.